‘कार्पेटबॅगर’: एका राजकीय शिवीचा प्रवास

निवडणूक आली की आपल्याकडे ‘आयात उमेदवार’ हा शब्द हमखास कानावर पडतो. अमेरिकेत त्याला म्हणतात ‘कार्पेटबॅगर’. 1964 मध्ये रॉबर्ट केनेडी आणि 2000 मध्ये हिलरी क्लिंटन न्यूयॉर्कमधून सिनेटला उभे राहिले, तेव्हा दोघांनाही हे ऐकावं लागलं. आज आपण या शब्दाचं मूळ पाहू.

कार्पेटबॅग म्हणजे गालिच्याच्या कापडाची स्वस्त प्रवासी पिशवी. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धानंतर उत्तरेकडची बरीच माणसं दक्षिणेत आली. कुणी सैनिक, कुणी शिक्षक, कुणी कापसाच्या शेतीत पैसा घालणारे. 1867 च्या कायद्यांनी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाची वाट मोकळी झाली आणि यातले काहीजण त्यांच्या मतांवर निवडून येऊ लागले. मग विरोधक म्हणू लागले: सगळा संसार एका पिशवीत घेऊन आले आणि आता आपल्याला लुटून जाणार! त्यांना साथ देणाऱ्या स्थानिक गोऱ्यांसाठी वेगळी शिवी होती, ‘स्कॅलवॅग’.

आता हे सगळे सज्जन होते का? नाही. इलिनॉयहून आलेले हेन्री क्ले वॉरमॉथ लुइझियानाचे गव्हर्नर झाले, त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे गंभीर आरोप झाले. पण गंमत बघा, हे ‘उपरे’ गृहस्थ 1931 मध्ये वारले ते न्यू ऑर्लिन्समध्येच.

दुसरं उदाहरण अ‍ॅडलबर्ट एम्स यांचं. मूळचे मेन राज्याचे, युद्धात पराक्रम गाजवलेले. 1873 मध्ये ते मिसिसिपीचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. राज्यात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांनीच एम्स यांना मतं दिली. 1875 च्या निवडणुकीत सशस्त्र टोळ्यांनी याच मतदारांना धमकावलं, कित्येकांचे खून पाडले. एम्स यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे सैन्य मागितलं, ते मिळालं नाही. नव्या विधिमंडळाने महाभियोग आणला आणि 1876 मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

इथे आपण जरा थांबू या. एम्स बाहेरचे होते, हे खरंच. पण त्यांचे मतदार? त्यांच्या पिढ्या त्याच मातीत राबल्या होत्या. ‘कार्पेटबॅगर’ या शब्दाने नेमकं हेच झाकलं. भांडण होतं मताच्या हक्काचं, चर्चा झाली नेत्याच्या गावाची.

पुढे विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी हीच शिवी इतिहास म्हणून लिहिली. 1935 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी त्या मांडणीला मोठं आव्हान दिलं. तोवर फार उशीर झाला होता. मिसिसिपीने 1890 च्या राज्यघटनेत मतदान कर आणि साक्षरतेची अट घालून कृष्णवर्णीयांचं मत जवळजवळ संपवलं होतं. आणि ही राज्यघटना करणारे कुणी उपरे नव्हते, तिथलेच होते.

म्हणून कुणी कुणाला ‘बाहेरचा’ म्हणालं, की त्याचं गाव जरूर विचारू या. पण त्याला मत देणारे कोण आहेत, हेही विचारू या.