मावशीचा निवडुंग

परवा रात्री दहाला फूल उमललं. वीतभर नळी, टोकाला पांढरंशुभ्र फूल. दुसऱ्या दिवशी मान टाकली!

या गोल निवडुंगांचं माहेर दक्षिण अमेरिका. १८३० साली फ्रान्समध्ये तुर्पां यांनी यातल्या एकाचं वर्णन केलं आणि ल हाव्रच्या एरिएस यांचं नाव त्याला चिकटलं. १८३७मध्ये झुकारिनी यांनी 'एकिनॉप्सिस' ही प्रजाती मांडली. पुढचा प्रवास मात्र बराचसा पिल्लांचा, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत.

माझं झाडही मावशीच्या कुंडीतलं पिल्लू. मावशी गेली, झाड राहिलं. पिल्लू म्हणजे नवं झाड नव्हेच, तेच ते! म्हणून तर बी धरेना. यातल्या बऱ्याच जणांना स्वतःचे पराग चालत नाहीत, आणि माझ्या चारही कुंड्यांत एकच झाड. तीन उन्हाळे कुंचला घेऊन उगाच जागलो.

गेल्या वर्षी परकं झाड आणलं, तेव्हा फळ धरलं. बारीक काळ्या बिया ओल्या वाळूवर नुसत्या पसरल्या, वर प्लास्टिक. दहाएक दिवसांत हिरवे मणी! फुलाला अजून तीन-चार वर्षं तरी लागतील.

थोडं बी उरलंय. हवं असेल त्यांनी कळवा, पण अर्धं मावशीचं आहे, जपून लावा.