करी रोडची आशा

चिंचपोकळी आणि परळ ह्यांच्या मध्ये मध्य रेल्वेचे करी रोड नावाचे एक लहानसे स्थानक आहे. जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. स्थानकाबाहेर येऊन पश्चिमेकडे पाहिले, म्हणजे जुन्या चाळींच्या माथ्यावरून श्रीनिवास मिलच्या जागेवर उठलेले उंच मनोरे दिसतात. ह्या भागाविषयी बोलणारे बहुधा संपाविषयी बोलतात, नाहीतर गणेशोत्सवाविषयी. तिसरी एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या संघाचा पुढला हंगाम मागल्यापेक्षा चांगला जाणार, अशी जी निष्ठा येथल्या कबड्डीच्या प्रेक्षकाच्या ठायी वर्षानुवर्षे टिकून आहे, तिचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

ही निष्ठा प्रथम दृष्टीस पडते ती सामन्याच्या दिवशी नव्हे, तर खेळाडूंच्या लिलावानंतर. कोण आला, कोण गेला, डावा कोपरा कोणाकडे दिला, उजवा कोणाकडे, चढाई करणारा मुख्य गडी दुखापतीतून बरा झाला की नाही, ह्याची खल चहाच्या दुकानात आणि चाळीच्या कठड्याशी चालू होते. गतवर्षीच्या पराभवाचे कारण प्रत्येकाजवळ तयार असते, आणि ते कारण आता नाहीसे झाले असेही प्रत्येकास वाटत असते. बाहेरच्या माणसास हे भाबडेपण वाटेल. परंतु धंदेवाईक खेळ जेथे जेथे रुजला, तेथे तेथे हेच घडलेले आहे. आणि तो प्रथम रुजला तो करी रोडसारख्याच कापडाच्या मुलखात.

इंग्लंडातील लँकशायर परगण्यात सूतगिरण्यांची गावे दाटीने वसलेली होती. १८५० च्या कारखाना कायद्याने शनिवारी दुपारी दोनला गिरणीचे काम थांबू लागले आणि कामगाराच्या हाती प्रथमच मोकळी दुपार आली. त्या दुपारीतून फुटबॉलचे संघ निघाले. १८८८ मध्ये तेथली फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा तिच्या बारा संघांपैकी सहा लँकशायरचे होते. त्यांतील प्रेस्टनचा संघ विल्यम सडेल नावाच्या गिरणीच्या व्यवस्थापकाने बांधला होता. उत्तम खेळाडू त्याने स्कॉटलंडातून आणविले आणि त्यांना पैसे दिले. त्या काळी खेळासाठी पैसे घेणे नियमबाह्य होते. १८८४ मध्ये तक्रार झाली असता सडेलने ती गोष्ट उघडपणे कबूल केली आणि त्याचा संघ चषकाच्या सामन्यांतून बाद झाला. पुढल्याच वर्षी, १८८५ मध्ये, पगारी खेळाडूंना मान्यता द्यावी लागली. १८८८-८९ च्या हंगामात प्रेस्टनने लीगचे बावीसही सामने अपराजित राहून संपविले, आणि पुढील वर्षीही विजेतेपद राखले. १८९० नंतर ते विजेतेपद प्रेस्टनला पुन्हा कधी मिळालेले नाही. तरीही त्या गावी दर हंगामाच्या आरंभी मैदानाकडे जाणारी माणसे आहेत, हे करी रोडच्या माणसास सांगितले तर त्याला मुळीच नवल वाटणार नाही.

मुंबईच्या गिरणी कामगाराला मोकळा दिवस मिळाला तो बराच उशिरा. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. फुटबॉल ह्या शहरात होता. १८९१ पासून रोव्हर्स चषकाचे सामने होत असत. पण पहिली कित्येक वर्षे ते गोऱ्या पलटणींचे सामने होते, आणि पुढेही त्या चषकाचे घर म्हणजे दक्षिणेकडचे कूपरेज मैदान. गिरणगावात तेवढी मोकळी जमीन कोठून असणार? कबड्डीला तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागा पुरते. चेंडू नको, बूट नकोत. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या तरुणांच्या अंगात हुतूतू आधीच होता. दोन चाळींमधल्या पटांगणात माती चाळून, तीत पाणी मारून मैदान तयार होत असे आणि दिवे टांगून रात्री सामने रंगत. परळचे लाल मैदान, कामगार मैदान ही नावे त्या काळच्या प्रेक्षकांच्या तोंडी अजूनही आहेत.

खेळाला शिस्त लागली ती शहराबाहेर. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम छापून अखिल भारतीय सामने भरविले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशी लोकांना दाखविला. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि शंकरराव तथा बुवा साळवी ह्यांनी आयुष्य वेचून त्याला १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपर्यंत नेऊन पोहोचविले. मुंबईत दादरच्या अमर हिंद मंडळासारख्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडविले.

त्या काळी खेळाडूला मिळत असे ती नोकरी. गिरण्या, रेल्वे, बँका, तेल कंपन्या आपापले संघ बाळगीत, आणि चांगली पकड करणाऱ्या पोराला खात्यात चिकटवून घेत. चाळीतल्या प्रेक्षकाच्या आशेचा पाया हा असा रोकडा होता. आपल्या मंडळाचा हंगाम चांगला गेला, तर मंडळातील दोघाचौघा मुलांची आयुष्याची सोय होत असे. मग शेजारच्या म्हातारीनेही सामन्याचा निकाल विचारावा, ह्यात नवल ते काय!

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या संपाची कथा पुष्कळांनी सांगितलेली आहे आणि ती येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. खेळाच्या बाजूने पाहता एवढेच म्हणावयाचे, की मैदान आणि मस्टर ह्यांना जोडणारा दोर त्या संपानंतर तुटला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. खेळ चालू राहिला, परंतु त्याच्या शेवटी काय, ह्या प्रश्नाचे उत्तर बापाला देता येईना. राष्ट्रीय सामन्यांत हरियाणा, रेल्वे आणि सेनादल ह्यांचे वर्चस्व वाढत गेले, आणि माती जाऊन मॅट आली.

अशा स्थितीत २०१४ साल उजाडले. आनंद महिंद्र आणि चारू शर्मा ह्यांच्या पुढाकाराने धंदेवाईक कबड्डीची लीग निघाली. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ह्याच महिंद्र उद्योगसमूहाचा मुंबईतील नामांकित फुटबॉल संघ, जो २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला होता, तो २०१० मध्ये बंद करण्यात आला होता. फुटबॉलच्या चाहत्याने तेव्हा आपली आशा कोठे ठेवावी, हे कोणी त्याला विचारले नाही. कबड्डीच्या चाहत्याचे दैव त्या मानाने बरे. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात, करी रोडपासून अवघ्या काही किलोमीटरवर, यू मुंबा संघाने जयपूरच्या संघाला ४५-३१ असे हरविले. दिव्यांचा झगमगाट, घराघरांत चाललेले प्रक्षेपण, आणि मध्ये तीच ती चढाई. गल्लीतला खेळ बड्या लोकांच्या पंक्तीला बसलेला पाहून अनेक वयस्कांचे डोळे पाणावले असतील, तर ते समजण्यासारखे आहे.

त्याच जयपूरकडून ३१ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात ३५-२४ अशी हार पत्करावी लागली. पण पुढल्या वर्षी, २३ ऑगस्ट २०१५ रोजी, बंगळूरच्या संघावर ३६-३० अशी मात करून यू मुंबाने विजेतेपद मिळविले. मार्च २०१६ मध्ये पुन्हा अंतिम सामना, आणि पाटण्याकडून २८-३१ असा निसटता पराभव. तीन हंगाम, तिन्ही वेळा अंतिम फेरी! करी रोडच्या प्रेक्षकाला येथे जी सवय लागली, ती आजतागायत मोडलेली नाही.

ह्या यशातच एक सल दडलेला होता. संघाचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. दोन्ही कोपरे सांभाळणाऱ्यांपैकी सुरेंदर नाडा हाही हरियाणाचाच, आणि मोहित छिल्लर दिल्लीचा. विशाल माने आणि रिशांक देवाडिगा अशी मुंबईची मोजकी नावे त्यांच्या जोडीला होती. मग हा मुंबईचा संघ कसा? प्रेस्टनमध्ये स्कॉटलंडचे खेळाडू पाहून हाच प्रश्न निघाला होता, आणि त्याचे उत्तरही तेथे व येथे एकाच रीतीने मिळाले. अनुप कुमार चढाईला जाताना घाई करीत नसे. प्रतिपक्षाच्या अंगणात उभा राहून तो जणू हिशेब करीत असे, आणि निदान रेषा ओलांडून, एखादा गुण घेऊन शांतपणे परत येत असे. करी रोडने त्याला आपला मानला तो ह्या खेळामुळे. त्याचे गाव कोणते, ही चौकशी मागे पडली. ह्या आपलेपणाला लिलावाच्या कायद्यात मात्र काही स्थान नाही. चौथ्या हंगामात दोन्ही कोपरे बंगळूरला गेले. सहाव्यात अनुप जयपूरकडे गेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी रिशांकला उत्तर प्रदेशच्या संघाने १ कोटी ११ लाखांना उचलले. आदल्या जानेवारीत ह्याच रिशांकच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादेत सेनादलाला ३४-२९ असे नमवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणले होते.

तरी आशेला नवे निमित्त सापडलेच. २०१८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांत संघात आला आणि पहिल्याच हंगामात त्याने चढायांचे २१८ गुण मिळविले. उंचापुरा गडी, तिघे अंगावर पडले तरी त्यांना ओढीत मध्यरेषा गाठावयाचा. आता पुढली काही वर्षे चिंता नाही, असे म्हटले जाऊ लागले. पुढल्या लिलावात हैदराबादच्या तेलुगू संघाने त्याला १ कोटी ४५ लाख देऊन नेले. त्याच्यावाचूनही यू मुंबा २०१९ मध्ये उपांत्य फेरीस पोहोचला आणि बंगालकडून ३५-३७ असा दोनच गुणांनी हरला. दोन गुण म्हणजे एक पकड आणि एक बोनस. त्या सामन्यातली ती नेमकी पकड कोणती, ह्यावर पुढे बराच काळ वाद घालता येतो.

साथीच्या काळात आठवा हंगाम बंगळुरात प्रेक्षकांवाचून झाला. २२ डिसेंबर २०२१ रोजी, पहिल्याच सामन्यात, यू मुंबाने यजमानांना ४६-३० असे लोळविले, आणि आशा भरतीला आली. पण संघ बाद फेरीपर्यंत गेला नाही. नवव्या हंगामात गेला नाही, दहाव्यातही नाही. दहाव्याचे विजेतेपद, १ मार्च २०२४ रोजी, पुण्याच्या संघाने मिळविले. गिरणगावच्या माणसास पुण्याचे अभिनंदन करणे किती जड गेले असेल, हे श्रोत्यांनीच ताडावे.

जानेवारी २०२४ मध्ये वरळीला सामने झाले, आणि त्यानंतरच्या दोन हंगामांत मुंबईला एकही सामना आला नाही. अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणे येथे खेळला गेला. यू मुंबा बाद फेरीत पोहोचला आणि डिसेंबरच्या अखेरीस बालेवाडीला पाटण्याकडून हरला. त्यानंतर बाराव्या हंगामाचा लिलाव ३१ मे व १ जून २०२५ रोजी मुंबईतच भरला, आणि सामने ठरले ते विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे. खेळाडूंची बोली घराजवळ आणि खेळ परमुलखात, ही व्यवस्था चाहत्याच्या दृष्टीने उफराटीच म्हणावयास हवी. लिलाव आटोपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी करी रोडला नवीन यादी हातोहात फिरू लागली असेल आणि कोणी तरी म्हटलेच असेल, की यंदा बचाव भक्कम दिसतो.