प्लाट्झस्पिट्झ: एक उद्यान, दोन बंद्या

झ्युरिकच्या मुख्य रेल्वे स्थानकामागे, लिम्मात आणि झील या नद्यांच्या संगमावर वसलेले प्लाट्झस्पिट्झ हे उद्यान १९८७ ते १९९२ या काळात उघड्यावरील हेरॉइनसेवनामुळे जगभर कुप्रसिद्ध झाले. त्याचा दाखला सहसा प्रशासनाच्या ढिलाईचा म्हणून दिला जातो. घटनाक्रम पाहता मात्र खरी उणीव निवाऱ्याची होती, असेच म्हणावे लागते.

१९८५ मध्ये, एड्स पसरत असताना, कँटनच्या, म्हणजे स्विस संघराज्यातील घटक राज्याच्या, आरोग्य अधिकाऱ्याने व्यसनींना निर्जंतुक सुया देणाऱ्या डॉक्टरांचे परवाने काढून घेण्याची धमकी दिली. शेकडो डॉक्टरांनी ती उघडपणे झुगारली आणि पुढच्याच वर्षी सुया देण्यावरची बंदी उठली. १९८८ च्या अखेरीस ‘झिप-एड्स’ हा उपक्रम उद्यानातल्या सार्वजनिक शौचालयाच्या इमारतीत सुरू झाला. तिथे नव्या सुया, कावीळ-बी ची लस व मलमपट्टी मिळे, आणि अतिसेवनाने श्वास थांबलेल्यांना शुद्धीवर आणले जाई. व्यसन सुटो वा न सुटो, त्यातून होणारे मृत्यू आणि संसर्ग आधी रोखावेत, या भूमिकेला ‘हानी-न्यूनीकरण’ म्हणतात. बाहेर मोडक्या टेबलांवर काही व्यसनी इतरांना चमचा, पाणी आणि गाळणीचा कापूस पुरवीत व मोबदल्यात वापरलेला कापूस परत घेत, कारण त्यात उरलेला अंश हीच त्यांची कमाई असे.

५ फेब्रुवारी १९९२ रोजी उद्यानाला कुलूप लागले, पण तिथल्या माणसांनी जायचे कुठे, याची तजवीज नव्हती. लगतच्या वस्तीतले जिने आणि अंगणे काही काळ त्यांनी भरली आणि अखेर हा बाजार लेटेन या बंद रेल्वे स्थानकात पुन्हा मांडला गेला. वास्तविक, पाद्री अर्न्स्ट झीबर यांनी १९६३ च्या कडाक्याच्या थंडीत बेघरांसाठी भूमिगत बंकर उघडून दिला होता आणि १९८९ मध्ये बेघर, एड्सग्रस्त व्यसनींसाठी ‘झूने-एगे’ हे रुग्णालय काढले होते. पण एवढ्याने शहराची गरज भागणारी नव्हती.

१४ फेब्रुवारी १९९५ ला लेटेनही बंद झाले; ही बंदी मात्र टिकली, कारण तोवर रात्रनिवारे, देखरेखीखालील सेवनकक्ष, हेरॉइनऐवजी दिले जाणारे मेथॅडोन आणि १९९४ पासून डॉक्टरांच्या नियंत्रणाखाली दिले जाणारे हेरॉइन, अशी व्यवस्था उभी राहिली होती. बाहेरगावच्या व्यसनींना त्यांच्या मूळ नगरपालिकांकडे धाडण्यात आले, हाही या यशाचा, काहीसा कमी बोलला जाणारा, भाग होय. ३० नोव्हेंबर २००८ च्या सार्वमतात सुमारे ६८ टक्के स्विस मतदारांनी हानी-न्यूनीकरणाच्या या धोरणाला कायद्याचा आधार दिला, आणि त्याच दिवशी गांजा कायदेशीर करण्याचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला.