ओझरपासून मिहानपर्यंत : विमानाच्या ड्रॉइंगची भाषा

काटोलची संत्री जशी नागपूरच्या नावाने देशभर ओळखली जातात, तशीच नागपूरच्या मिहानमध्ये तयार होणारी एक वस्तू बोइंग या अमेरिकन कंपनीच्या नावाने जगभर फिरते. ही वस्तू म्हणजे ७८७ ड्रीमलायनर विमानाच्या फरशीखालची तुळई. प्रवासी ज्या फरशीवरून चालतो ती अशा आडव्या तुळयांवर तोललेली असते. २००८ साली बोइंगने टाटा समूहातील टाल या कंपनीशी करार केला आणि कार्बनतंतूंच्या या तुळया आपल्या जिल्ह्यात बनू लागल्या. या विमानाचे पंख येतात जपानहून, धडाचा काही भाग इटलीहून, आणि जोडणी होते अमेरिकेत. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांचे हे काम चपखल बसते ते कशाच्या बळावर, हे आपल्या विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम उभा राहिला तो नाशिकजवळच्या ओझरला. १९६२ साली भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमानांचा करार केला. पुढे उत्पादनाची वाटणी झाली ती अशी : सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. मूळ रचनाकार मात्र मॉस्कोत, आणि त्यांची कागदपत्रे रशियन भाषेत! त्यांचे इंग्रजीत भाषांतर करून मग काम चाले. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, हा अनुभव आपल्याकडील मुलांना नवा नाही. पण येथे शब्द चुकला तर गुण कापले जात नाहीत, महागडा धातू वाया जातो. ओझरला प्रथम सुट्या भागांचे तयार संच आणून जोडण्यात आले, नंतर भाग येथे बनू लागले आणि शेवटी कच्च्या मालापासून विमान उभे राहिले. हा क्रम मला मोठा शहाणपणाचा वाटतो. कारण आधी जुळणी केली की ड्रॉइंगवरचा कोणता आकडा कशासाठी आहे, हे हाताला कळते. हे मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले ते थेट २६ सप्टेंबर २०२५ रोजी.

ड्रॉइंग ही एकदा काढून भिंतीवर टांगण्याची वस्तू नव्हे. विमानाची रचना अखेरपर्यंत बदलत असते. म्हणून प्रत्येक ड्रॉइंगला आवृत्तीचा क्रमांक असतो आणि नवी प्रत आली की जुनी कामावरून काढून घ्यावी लागते. एका कारखान्यात एखादे भोक चार मिलिमीटर सरकले आणि दुसऱ्याला ते कळलेच नाही, तर आपापल्या कागदाप्रमाणे दोघांचेही काम निर्दोष ठरते आणि तरीही जोड बसत नाही.

संगणक आल्यावर ही अडचण संपेल असे अनेकांना वाटले होते. युरोपच्या एअरबस कंपनीने त्याचे उत्तर फार महागात शिकले. तिच्या ए-३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या वायरी. धडाचे भाग जर्मनीत हॅम्बुर्गला वायरींसह तयार होत आणि जोडणी फ्रान्समध्ये तुलूझला होई. दोन्हीकडे आराखड्यासाठी कातिया हाच संगणकीय कार्यक्रम होता. फरक एवढाच की हॅम्बुर्गकडे त्याची चौथी आवृत्ती होती आणि तुलूझकडे पाचवी. एकीकडचे बदल दुसरीकडे नीट उतरेनात. ॲल्युमिनियमच्या वायरीला तांब्याच्या वायरीपेक्षा वळणाला जास्त जागा लागते, त्याचाही हिशेब चुकला. प्रत्यक्ष वायरी ओढू लागले तेव्हा त्या काही सेंटिमीटर तोकड्या पडल्या. मग शेकडो जर्मन कामगार तुलूझला जाऊन हाताने वायरी बसवू लागले. जुलै २००६ मध्ये एअरबसच्या आणि तिच्या मूळ कंपनीच्या प्रमुखांना पदे सोडावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोची तूट अंदाजली. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी, दीड वर्षाच्या विलंबाने. इतका मोठा उत्पात, आणि कोणाच्याही हातून हातोडा चुकला नव्हता!

बोइंगने ७८७ साठी सर्व भागीदारांना एकच आवृत्ती वापरायला लावली. तरीही ८ जुलै २००७ रोजी थाटात बाहेर काढलेले पहिले विमान आतून बरेचसे रिकामे होते आणि त्यात तात्पुरत्या खिळ्यांवर निभावले होते. जून २००९ मध्ये त्याहून गंभीर गोष्ट उघडकीस आली. पंख मित्सुबिशीचा, धडामधली पेटी फुजीची, आणि दुबळेपणा सापडला तो दोहोंच्या जोडावर. पहिले उड्डाण पुढे ढकलून १५ डिसेंबर २००९ रोजी करावे लागले आणि पहिले विमान ग्राहकाला मिळायला सप्टेंबर २०११ उजाडला.

अशा उद्योगात कारागिराला स्वतःच्या अकलेने कानस फिरविण्याची मुभा नसते. ड्रॉइंग संदिग्ध वाटले किंवा माप हुकले, तर नेमका प्रश्न लिहून रचनाकाराकडे पाठवायचा आणि लेखी उत्तर येईपर्यंत तो भाग बाजूला ठेवायचा. आयटीआयमध्ये यंत्र चालवायला शिकवितात. असा प्रश्न चार ओळींत लिहायला कोण शिकविते, हे ज्याने त्याने पाहावे.

कातिया ज्या फ्रेंच दासो घराण्यात जन्मली, त्याच घराण्याच्या फाल्कन विमानांचे भाग २०१७ नंतर मिहानमध्ये बनू लागले. जून २०२५ मध्ये संपूर्ण फाल्कन २००० विमान तेथेच जोडण्याची घोषणा झाली. पूर्वी नागपूरचा भाग परदेशी जोडणीत बसला की काम संपत असे. जोडणीच येथे आली, म्हणजे बाहेरून आलेला भाग बसत नाही हे कळविणारे पत्र नागपूरहून लिहावे लागेल.