शेल-आज्ञावलीतील शब्दसीमेचा प्रश्न

शब्द कोठे संपतो, हा प्रश्न भाषाभ्यासकांस नवा नाही. मोडी लेखनात शब्दाशब्दांमध्ये जागा सोडण्याचा परिपाठ नव्हता. वाचक अर्थाच्या आधारे शब्द तोडीत असे. यंत्रास मात्र अर्थाचा आधार नसतो. म्हणून युनिक्स प्रणालीतील 'शेल', म्हणजे आज्ञा वाचून त्या यंत्राकडून करवून घेणारा दुभाष्या, या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. शेलमधील ॲरेचा इतिहास हा वस्तुतः शब्दसीमा राखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

केन टॉम्प्सन यांच्या १९७१ च्या शेलमध्ये नाव दिलेले चल नव्हते. पुढे आवर्तनासाठी 'गोटू' ही स्वतंत्र आज्ञा वापरून मागील खुणेकडे परतावे लागे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचा शेल प्रसृत झाला. बॉर्न यांच्यावर अल्गॉल ६८ या भाषेचा संस्कार होता. तिच्याप्रमाणे त्यांनी 'इफ'चा शेवट अक्षरे उलटून 'फि'ने केला. परंतु 'डू' उलटून होणारे 'ओडी' हे नाव अन्य आज्ञेस आधीच दिलेले असल्यामुळे आवर्तनाचा शेवट 'डन'ने करावा लागला.

या शेलमध्ये चलाचे मूल्य म्हणजे एक अक्षरमाला. अवतरणचिन्हांवाचून वापरल्यास शेल तिचे रिक्त जागांवर तुकडे करतो. ही एक सोयच होती. 'पुणे सातारा नगर' एका चलात ठेवून 'फॉर'चे आवर्तन तीनदा फिरविता येई. परंतु 'जुना अहवाल' या एकाच फाइलीसाठी तेच आवर्तन दोनदा फिरे. आणि आज्ञा पुसण्याची असल्यास 'जुना' व 'अहवाल' अशा भलत्याच फाइली नष्ट होण्याचा संभव असे. ही भीती काल्पनिक नव्हे. २००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या स्थापना-आज्ञावलीत अशीच अवतरणचिन्हे राहून गेली, आणि ज्यांच्या डिस्कच्या नावात रिक्त जागा होती अशा काहींचा संग्रह पुसला गेला.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक घटक पृथक् ठेवणारा ॲरे. बिल जॉय यांच्या सी-शेलमध्ये चल हा शब्दांची यादीच असे. तीत मोजणी १ पासून होई. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलच्या १९८८ च्या आवृत्तीत आणि १९९६ च्या बॅश २.० मध्ये ॲरे आले, ते ० पासून मोजले जाणारे. १९९२ च्या पॉसिक्स प्रमाणात मात्र ॲरेस स्थान मिळाले नाही.

तथापि ॲरेमुळे प्रश्न संपला असे मानणे चुकीचे होईल. बॅशमध्ये ॲरेचे घटकही अवतरणचिन्हांवाचून उलगडले तर पुन्हा तुटतात. घटकांची सीमा साठविणे आणि उच्चारताना ती पाळणे, ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिले यंत्र करते. दुसऱ्याचे उत्तरदायित्व लिहिणाऱ्याकडेच राहते.