सदऱ्यावरचे नाव आणि पगाराचा दिवस

खेळाचा इतिहास सांगताना विजेत्यांची नावे सांगण्याची रीत आहे. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा की, या खेळाडूंना पगार कोण देत होता आणि तो वेळेवर होत होता काय? युरोपातील रस्त्यावरच्या सायकल शर्यतींकडे या नजरेने पाहिले, तर आपल्याही उपयोगाचे पुष्कळ हाती लागते.

कुस्तीच्या फडाला कुंपण असते, दाराशी तिकीट असते. रस्त्याला दार नाही. शर्यत गावावरून जाते तेव्हा सारा गाव कडेला उभा राहतो, पण तिकीट कोणी काढीत नाही. या शर्यती मुळात निघाल्या त्या वर्तमानपत्रांचा खप वाढावा म्हणून. फ्रान्सची मोठी शर्यत १९०३ मध्ये 'लोतो' या पत्राने सुरू केली, इटलीची १९०९ मध्ये 'गझेत्ता देल्लो स्पोर्त'ने. स्वारांना पोसले ते मुख्यतः सायकलींच्या कारखानदारांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कूटरी आल्या, मोटारी आल्या, सायकलींचा खप घसरला आणि कारखानदारांचा हात आखडला. तेव्हा फिओरेन्झो माग्नी या इटालियन स्वाराने १९५४ मध्ये आपल्या संघासाठी निव्हिया या क्रीमवाल्या कंपनीचा पैसा मिळवला. सायकलीशी काडीचा संबंध नसलेल्या पैशाची वाट तेथून रुळली. अशा पैसेवाल्याला आज आपण प्रायोजक म्हणतो.

या वाटेवरचे एक उदाहरण विस्ताराने पाहू. इंग्लंडात १९९८ मध्ये 'लिंडा मॅकार्टनी' संघ उभा राहिला. बीटल्समधील पॉल मॅकार्टनी यांच्या पत्नी लिंडा यांच्या नावाने शाकाहारी तयार अन्न विकले जाई. त्या मालाचे नाव संघाने अंगावर घेतले. मांस न खाता डोंगर चढता येतो हे जगाला दाखवावे, असा हेतू होता. लिंडाबाई त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्करोगाने वारल्या. संघ मात्र वाढत गेला. २००० मध्ये तो इटलीच्या मोठ्या शर्यतीत उतरला. तेथे उतरलेला हा पहिला ब्रिटिश संघ. सातव्या टप्प्यात डेव्हिड मॅकेन्झी हा ऑस्ट्रेलियन स्वार आरंभीच पुढे निसटला आणि दीडशेहून अधिक किलोमीटर एकट्याने कापून तेरामो येथे पहिला आला.

आठ महिन्यांत या पराक्रमाची माती झाली. जानेवारी २००१ मध्ये नव्या हंगामासाठी संघ जमला असताना तिजोरीत पैसा नाही हे उघड झाले. ज्या नव्या प्रायोजकांची नावे घेतली जात होती, त्यांचा पैसा आलाच नव्हता. संघ मोडला. जानेवारीत बाकीच्या संघांच्या जागा भरलेल्या असतात. बेकार स्वाराने जावे कोठे? त्यांच्यात ब्रॅडली विगिन्स हा नवखा तरुण होता. पुढे २०१२ मध्ये त्याने फ्रान्सची शर्यत जिंकली, म्हणून त्याची आठवण निघते. इतरांची निघत नाही.

हा एका संघाचाच दोष म्हणावा, तर १९९५ पाहा. फ्रान्समधील 'ल ग्रुपमाँ' संघात आदल्या वर्षीचा जगज्जेता लुक लेब्लाँ होता. तो संघ फ्रान्सची शर्यत सुरू होण्यास काही दिवस उरले असताना बंद पडला.

गिरणीला टाळे लागते तेव्हा टाळे लावायला निदान दरवाजा असतो. मागे जमीन असते, यंत्रे असतात, देणी मागण्यास जागा असते. सायकल संघापाशी काही सायकली, एकदोन गाड्या आणि एक करारपत्र. सदऱ्यावर ज्याचे नाव तो मालक नव्हे; मालक दुसरीच कोणी लहान कंपनी. मित्रहो, हे चित्र आपल्याला परके नाही. आपल्या औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार मोठ्या कंपनीचे नाव छातीवर मिरवतो, आणि पगार थकला की तीच कंपनी म्हणते, "हा आमचा माणूस नव्हे."

स्वार अगदीच गप्प बसले असेही नाही. १९७८ मध्ये व्हालाँस दाझाँ येथे, एका दिवसात दोन टप्पे लादल्याच्या निषेधार्थ, ते सायकलवरून उतरून अंतिम रेषेपर्यंत चालत गेले. १९९९ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. मोठ्या संघांना आता नोंदणीच्या वेळी बँकेची हमी द्यावी लागते. पण ती पगाराच्या काही भागापुरतीच असते. मागणी सोपी आहे : नाव सदऱ्यावर शिवण्याआधी वर्षाचा पगार बँकेत जमा व्हावा. सायकलस्वाराला जे हवे, तेच आपल्या कंत्राटी कामगारालाही हवे.