एइरेनोपोइओस

बायबलच्या नव्या करारातील एक ग्रीक शब्द. ‘एइरेने’ म्हणजे शांती आणि ‘पोइएओ’ म्हणजे करणे किंवा घडवणे, या दोहोंच्या समासातून तो सिद्ध झाला असून शांती घडवून आणणारा, वैर मिटवणारा असा त्याचा अर्थ होतो. संपूर्ण नव्या करारात हा शब्द एकदाच, मत्तयकृत शुभवर्तमानात (5:9), ‘एइरेनोपोइओइ’ या अनेकवचनी रूपात आढळतो. डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभी येशूने ज्यांना धन्य म्हटले, त्यांत सातव्या ठिकाणी ही माणसे येतात आणि त्यांना देवाचे पुत्र म्हटले जाईल असे अभिवचन मिळते. याच घडणीचे क्रियापदही नव्या करारात एकदाच, कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (1:20) येते. ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाने देवाने शांती केली, असे तेथे म्हटले आहे.

शब्दाचा भार समासाच्या उत्तरपदावर आहे. अबोल, भांडणापासून दूर राहणारा किंवा पडते घेणारा मनुष्य येथे अभिप्रेत नाही. सौम्य वृत्तीच्या माणसांसाठी त्याच प्रवचनात स्वतंत्र वचन आहे आणि त्यासाठी शब्दही निराळा आहे. येथे गौरव आहे तो कृतीचा. दोन पक्षांच्या मध्ये उभे राहून, दोघांचाही रोष पत्करून जो समेट घडवतो, त्याला हा शब्द लागू पडतो.

अभिजात ग्रीक भाषेत तो राजनैतिक व्यवहारातला शब्द होता. इ. स. पू. 371 मध्ये स्पार्टाशी तह करण्यासाठी गेलेल्या अथेन्सच्या शिष्टमंडळातील कॅलियसच्या तोंडी झेनोफनने तो घातला आहे. रोमन साम्राज्यात त्याचा रोख बदलला. शत्रूला जिंकून जगाला शांतता देणारा, या अर्थाने तो सम्राटाचे बिरूद झाला. कोमोडस या सम्राटाच्या पदव्यांत त्याची नोंद डिओ कॅसियस या इतिहासकाराने केली आहे. ऑगस्टस हा ‘देवाचा पुत्र’ म्हणवला जात असे आणि त्याने आणलेल्या शांतीसाठी इ. स. पू. 9 मध्ये रोममध्ये शांतिवेदीचे लोकार्पण झाले होते. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे गालीलातील कोळी आणि शेतकऱ्यांसमोर ‘शांती करणारे’ आणि ‘देवाचे पुत्र’ हे दोन शब्द एकत्र उच्चारणे किती धाडसाचे होते, हे कळते.

येशूच्या शिकवणीमागे मात्र हिब्रू ‘शालोम’ आहे. युद्ध नसणे एवढाच त्याचा अर्थ नसून धडधाकटपणा, भरभराट आणि न्याय्य संबंध असा त्याचा आवाका आहे. त्याच धातूपासून नुकसान भरून देणे या अर्थाचे क्रियापदही बनते. त्यामुळे अन्याय झाकून केलेली तडजोड या संकल्पनेत बसत नाही. त्याच अध्यायात पुढे, भावाच्या मनात आपल्याविषयी काही अढी आहे असे आठवल्यास अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असा आदेश येतो.

मराठी बायबलात मत्तयाच्या या वचनात ‘शांती करणारे’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. समेट हा मराठमोळा शब्द ‘कातालागे’ या दुसऱ्या ग्रीक शब्दासाठी, विशेषतः पौलाच्या पत्रांत, योजला गेल्याने ही निवड समजण्यासारखी आहे. तरीही अर्थाच्या दृष्टीने सलोखा घडवणे, दिलजमाई करणे किंवा महाभारतातील कृष्णशिष्टाईमुळे परिचित झालेले शिष्टाई हे शब्द मूळ ग्रीक शब्दाला अधिक जवळचे आहेत. मराठी भाषांतरकारांपैकी पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1924 मध्ये केडगावच्या मुक्तिसदनातील छापखान्यात ते ग्रंथरूपाने पूर्ण झाले. 

आधुनिक भारतात ‘एइरेनोपोइओस’ या शब्दाचा मूळ राजनैतिक अर्थ आणि शांती करण्यासाठी मोजावी लागणारी किंमत या दोन्ही गोष्टी पंजाब आणि हरियाणा यांच्यातील चंडीगडच्या प्रश्नात दिसतात. 24 जुलै 1985 रोजी अकाली दलाचे अध्यक्ष संत हरचंदसिंग लोंगोवाल यांनी पंतप्रधान राजीव गांधी यांच्याशी करार केला. चंडीगड पंजाबला द्यावे, त्याच्या बदल्यात काही हिंदीभाषक प्रदेश हरियाणाला मिळावा आणि हस्तांतर 26 जानेवारी 1986 रोजी व्हावे, असे त्यात ठरले होते. 20 ऑगस्ट 1985 रोजी संगरूर जिल्ह्यातील शेरपूर येथील गुरुद्वाऱ्यात लोंगोवाल यांची हत्या झाली. शांती करणाऱ्यांनंतर लगेचच मत्तयाने छळ सोसणाऱ्यांना धन्य म्हणणारे वचन ठेवले आहे, हा क्रम येथे अर्थपूर्ण ठरतो. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए याने शांती आणि समेटाचे प्रतीक म्हणून आखलेले, वाऱ्यासह फिरणारे सुमारे 26 मीटर उंचीचे ‘खुला हात’ हे धातूचे शिल्प त्याच वर्षी चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलात उभे राहिले. करारातील हस्तांतराचे कलम अमलात आले नाही. 1 नोव्हेंबर 1966 पासून केंद्रशासित असलेले हे शहर आजही पंजाब आणि हरियाणा यांची सामायिक राजधानी आहे.